वीस सेकंदांतलं इंदूर: जाहिरात कशी बनते आणि त्यासाठी शहर कसं पाहतात

टीव्हीवरची २० सेकंदांची जाहिरात म्हणजे ५०० फ्रेम. आपल्याकडे टीव्हीचा हिशेब सेकंदाला २५ फ्रेमचा. त्यातल्या शेवटच्या सत्तर-पंचाहत्तर फ्रेम पाकिटाला जातात आणि उरलेल्यांत शहर, घर, माणसं, पदार्थ असं सगळं बसवायचं असतं. एवढ्या थोड्या जागेत ऐकीव माहितीवर भागत नाही. ज्याने इंदूर चालून पाहिलेलं नाही, त्याच्या जाहिरातीत होळकरांचा राजवाडा दिसतो, फेटे दिसतात, नऊवारी आणि लेझीमही दिसते, पण इंदूर काही दिसत नाही. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात राहणारी मराठी बाई रोज सकाळी नऊवारी नेसून पोहे करत नाही, हे तिथे एक सकाळ काढली तरी कळतं.

ती सकाळ काढण्याला या धंद्यात रेकी म्हणतात: चित्रीकरणाआधी जागा, वेळ, उजेड आणि माणसं पाहून येणं. जाहिरातीचा बराचसा बरा-वाईटपणा तिथेच ठरतो. आणि एखाद्या गावाची संस्कृती समजून घ्यायला निघालेल्या प्रवाशालाही याहून चांगली पद्धत सापडणं कठीण आहे.

उदाहरण घेऊ. इंदूरच्या एका लहान मसालेवाल्याला आपलं जीरावन पुण्या-नाशकात विकायचं आहे. जीरावन म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, लवंग, दालचिनी, हिंग, आमचूर, लाल मिरची आणि काळं मीठ असं घालून केलेली कोरडी पूड. प्रमाण घरोघरी आणि दुकानोदुकानी वेगळं. इंदूरमध्ये ती पोह्यांवर हमखास पडते, महाराष्ट्रात मात्र अनेकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं.

सुरुवात होते ब्रीफपासून. क्लायंट, म्हणजे मालाचा मालक, एजन्सीला जो कागद देतो तो ब्रीफ. माल कोणता, घेणार कोण, तो आज काय करतो, उद्या त्याने काय करावं असं वाटतं, त्याला पटेल असं कारण कोणतं, पैसे किती आणि जाहिरात कुठे दिसणार, एवढं एका पानात मावलं पाहिजे. बिघडतं ते बहुतेक ‘कारण’ या एका ओळीत. मालकाला शुद्धता सांगायची असते, चव सांगायची असते, तीन आकारांची पाकिटं दाखवायची असतात, शिवाय आजोबांचा फोटोही हवा असतो. वीस सेकंदांत एकच गोष्ट बसते. जीरावनच्या बाबतीत ती अशी: तुमच्या घरचे पोहे आहेत तसेच राहू द्या, वरून फक्त एक चिमूट टाका. महाराष्ट्रातल्या बाईला पोहे शिकवायला गेलात तर ती चॅनल बदलेल, आणि ते बरोबरच आहे.

सेकंद कोण ठरवतं? पैसा ठरवतो. टीव्हीवरची वेळ १० सेकंदांच्या दराने विकली जाते. जाहिरात बनवायचा खर्च एकदाच, पण दाखवायचा खर्च दर वेळी. त्यामुळे ३० सेकंदांची गोष्ट २० मध्ये आणि २० ची १० मध्ये कोंबायचा दबाव पहिल्या दिवसापासून असतो. लिहिणाऱ्याने याचा हिशेब शब्दांत करावा. वीस सेकंद न थांबता बोललं तर ४० ते ४५ शब्द होतात, पण तेवढे लिहिले की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. ३० ते ३५ शब्द पुरे, आणि ते मोठ्याने, घड्याळ लावून वाचायचे. मनातल्या मनात वाचलं की मजकूर हमखास लहान वाटतो आणि रेकॉर्डिंगच्या वेळी चार सेकंद जास्त निघतात.

स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहितात, डावीकडे दिसणारं आणि उजवीकडे ऐकू येणारं. त्यावरून चित्रं काढून स्टोरीबोर्ड करतात. वीस सेकंदांत आठ ते बारा शॉट बसतात. सेकंदाहून छोट्या शॉटमध्ये नवीन गोष्ट डोळ्यांत भरत नाही, आणि पाकिटावरचं नाव वाचायला निदान अडीच-तीन सेकंद लागतात.

आता रेकी. समजा, मुंबईत बसलेल्या कोणी पहिल्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं: ‘रात्र. सराफा. गर्दी. गरमागरम पोह्यांवर जीरावन.’ ऐकायला छान आहे, फक्त इंदूरचं घड्याळ उलटं लावलेलं आहे. पोहे ही इंदूरची सकाळ. उजाडल्यापासून चौकाचौकात पोहे-जिलबीच्या गाड्या लागतात आणि दहा-अकरापर्यंत मुख्य धंदा उरकतो. सराफा ही रात्र. दिवसभर ती सोन्या-चांदीची पेठ असते. रात्री आठ-नऊच्या सुमाराला शटर खाली येतात आणि त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या मांडल्या जातात. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याची पॅटिस, साबुदाण्याची खिचडी, ताटभर मोठा जलेबा, मालपुवा, रबडी, आणि थंडीत गराडू. गराडू हा कोनफळाच्या जातीचा कंद. त्याचे तुकडे तळून वर लिंबू पिळतात आणि चटपटीत मसाला भुरभुरवतात. म्हणजे सराफ्यातच शूट करायचं असेल तर जीरावनला गराडूची सोबत द्यावी आणि तारीख डिसेंबर-जानेवारीची धरावी. मे महिन्यात गराडू दाखवला तर पुण्याच्या प्रेक्षकाला पत्ता लागणार नाही, पण इंदूरचा माणूस लगेच म्हणेल, “भिया, ये कब का है?” आणि ती जाहिरात इंदूरमध्ये चेष्टेचा विषय होईल. आपल्या उदाहरणात पोहेच हवे आहेत, म्हणून सराफा सोडायचा आणि सकाळची गाडी धरायची.

रेकीला जायचं ते शूटच्याच वारी आणि शूटच्याच वेळी. रविवारची सकाळ पाहून मंगळवारचं शूट ठरवलं तर दोन्ही सकाळी वेगळ्या निघतात. गाडीपाशी गेल्यावर फोटो काढण्याआधी अर्धा तास नुसतं उभं राहावं. भिजवलेल्या जाड पोह्यांना मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची, हळद यांची फोडणी बसलेली असते. खाली उकळत्या पाण्याचं भांडं आणि वर पोह्यांचा ढीग, त्यामुळे पोहे वाफेवर तासन्‌तास मऊ राहतात. प्लेटमध्ये पोहे पडले की शेव, कच्चा बारीक कांदा, कुठे बुंदी, कुठे डाळिंबाचे दाणे, जीरावन आणि लिंबाची फोड. कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने पडते, विक्रेता चिमूट किती बोटांनी घेतो, हात किती उंचीवर धरतो, हे सगळं लिहून घ्यायचं. कॅमेऱ्यापुढे नटाचा हात अडखळतो तो इथेच. शक्य असेल तर हाताच्या शॉटसाठी त्या विक्रेत्यालाच रीतसर मोबदला देऊन घ्यावं. रोज शेकडो प्लेटा लावणाऱ्या हाताची लय उसनी आणता येत नाही.

दुसरी तपासणी घरच्या दृश्याची. पुण्यातल्या स्वयंपाकघरात पोहे कांदेपोहेच हवेत, कांदा फोडणीत परतलेला, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. स्टायलिस्टने तिथे शेव-डाळिंबाची इंदुरी प्लेट ठेवली की ब्रीफ पहिल्याच शॉटला मोडतो, कारण आपण ‘तुमचे पोहे तसेच ठेवा’ असं म्हणतोय.

रेकीच्या कागदावर एवढं तरी असावं: ऊन कोणत्या बाजूने आणि किती वाजता येतं, वीज कुठून घ्यायची, जनरेटर आणि सामानाची गाडी कुठे उभी राहील, शेजारी शाळेची घंटा, देवळाचा भोंगा किंवा कचरागाडीचं गाणं कधी वाजतं, स्वच्छतागृह किती लांब आहे, मागे कोणाचे बोर्ड दिसतात. इंदूरमध्ये कचरागाड्या सकाळी गाणी लावून फिरतात. संवाद तिथेच रेकॉर्ड करायचा असेल तर गाडीची वेळ माहीत हवीच. सराफ्यासारख्या बोळात मागच्या दुकानांच्या पाट्या हा मोठा प्रश्न असतो. एकतर दुकानदाराची लेखी परवानगी घ्यायची, नाहीतर लेन्स अशी निवडायची की मागचं सगळं धूसर होईल. तिथे शूट करायचंच झालं तर आठवड्यातला मधला वार घ्यावा आणि गाड्या मांडताक्षणी सुरुवात करावी. उशीर झाला की ट्रायपॉड ठेवायलाही जागा मिळत नाही.

परवानग्यांचं काम लाइन प्रोड्यूसर, म्हणजे शूटची सगळी व्यवस्था सांभाळणारा माणूस, पाहतो. रस्त्यासाठी महापालिका आणि पोलीस, राजवाड्यासारख्या संरक्षित वास्तूसाठी पुरातत्त्व विभाग. राज्याच्या पर्यटन मंडळाकडे चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथून सुरुवात केली तर खेटे वाचतात. ड्रोन उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा पाहावा. विमानतळ शहराला लागून असल्यामुळे इंदूरच्या मोठ्या भागात मनाला येईल तसं उडवता येत नाही. राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. तो फरक दाखवायला ड्रोन लागत नाही. समोरच्या चौकातून कॅमेरा सावकाश वर नेला की पुरे.

घरच्या दृश्यात लहान मूल असेल तर नियम कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसाला ५ तासांहून जास्त आणि सलग ३ तासांहून जास्त काम देता येत नाही. त्याच्या मानधनाचे निदान २० टक्के थेट त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. म्हणून कॉल शीटमध्ये मुलाचे शॉट सगळ्यात आधी लावतात.

कॉल शीट म्हणजे कोणी किती वाजता कुठे यायचं याचा कागद. शूटच्या दिवसाचं गणित साधं आहे आणि बहुतेक जण तेच चुकवतात. पाळी १२ तासांची. त्यातून जेवण, चहा आणि एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं वजा केलं तर कामाचे नऊ तास हातात राहतात. कॅमेरा एका जागी लावून, उजेड बसवून, शॉट ओके व्हायला पाऊण ते एक तास जातो. म्हणजे दिवसाला नऊ ते बारा सेट-अप. आठ शॉटची स्क्रिप्ट एका दिवसात होईल, पण सकाळी सहाला गाडीवर आणि दुपारी घरात, असं शहराच्या दोन टोकांना करायला गेलं तर संध्याकाळी पॅक शॉटला, म्हणजे पाकिटाच्या शॉटला, वेळ उरत नाही. आणि घाईत गेलेला शॉट नेमका ज्याच्यासाठी पैसे मोजले त्याच पाकिटाचा असतो. पॅक शॉट वेगळ्या दिवशी, स्टुडिओत, निवांत घ्यावा.

खाण्याच्या जाहिरातीत खरी कसोटी प्लेटची. एक प्लेट उजेड लावण्यापुरती, तिला स्टँड-इन म्हणतात. दुसरी खऱ्या शॉटची, ती हिरो. हिरो प्लेट कॅमेरा रोल व्हायच्या क्षणी येते, कारण पोह्यांवरची शेव तीन-चार मिनिटांत मऊ पडते आणि बारीक कांद्याच्या कडा दिव्यांखाली सुकतात. कोथिंबीर बर्फाच्या पाण्यात ठेवून शेवटी टाकतात. पोहे भांड्यातून थापून काढू नयेत. काट्याने मोकळे करत सैल रचावेत म्हणजे दाणा दाणा दिसतो. अगदी थोडं तेल ब्रशने लावलं की कोरडेपणा जातो, जास्त लावलं तर तेलकट दिसतात आणि ते कॅमेऱ्यात दुरुस्त होत नाही. जिलबी ऐनवेळी पाकातून काढायची. बाहेर राहिली की पाक दाटतो, साखर धरते आणि चमक जाते. एका शॉटसाठी आठ-दहा प्लेटांचं साहित्य हाताशी हवं.

वाफ कशी दिसते? मागचा भाग गडद असेल आणि दिवा वाफेच्या मागून येत असेल तरच. समोरून उजेड टाकला की वाफ पुसली जाते. प्लेटमधली खरी वाफ जेमतेम मिनिटभर टिकते, म्हणून फ्रेमबाहेरून वाफेचं यंत्र धरतात. गाडीवर हा प्रश्नच नाही. खालचं पाणी उकळतंच असतं, कॅमेरा फक्त उन्हाकडे तोंड करून लावायचा. थंडीतली सकाळ असेल तर आणखी उत्तम. तेव्हा लेन्स मात्र सारखी पुसावी लागते.

चिमूट पडताना ती हळू दिसायला हवी. सेकंदाला १०० फ्रेम घेतल्या आणि २५ ने दाखवल्या की गती चौपट मंदावते. इथे रस्त्यावरच्या स्वस्त एलईडी पट्ट्या घात करतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते जाणवत नाही. साध्या २५ फ्रेमच्या शॉटला कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा १/५० भाग उघडं ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण चढ-उतार सामावतात आणि चित्र स्थिर राहतं. १०० फ्रेमला शटर १/२०० वर जातं, वाट्याला अर्धाच चढ-उतार येतो आणि चित्राचा उजेड कमी-जास्त होऊ शकतो किंवा त्यात पट्टे दिसू शकतात. मंद गतीचा शॉट उन्हात घ्यावा किंवा स्वतःचे न लुकलुकणारे दिवे आणावेत. पिवळ्या बल्बखाली हळदीचे पोहे नारिंगी दिसतात, तेव्हा शॉटआधी करड्या कार्डावर रंग बसवून घ्यायला विसरू नये.

रंगपंचमीच्या गेरचं, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचं, दृश्य अनेकांना मोहात पाडतं. राजवाड्याच्या परिसरात लाखोंची गर्दी, टँकरमधून वर फेकलेलं रंगीत पाणी, गुलालाचे ढग. ती नक्की पाहायला जावं. पण शूट करायचं तर कॅमेरा पावसाळी कव्हरमध्ये हवा, गच्चीवरची जागा आधी ठरवलेली हवी, आणि लेन्स तिथे अजिबात बदलायची नाही. गुलालाचा कण सेन्सरवर बसला की पुढचा प्रत्येक शॉट खराब.

खरेपणाच्या नादात होणारी एक चूक सांगायलाच हवी. वर्तमानपत्राच्या कागदावरचे पोहे पडद्यावर अस्सल दिसतात, पण छापील कागदात खाद्यपदार्थ देणं नियमबाह्य आहे, शाईमुळे ते आरोग्याला वाईट. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक प्लेटा आणि चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पत्रावळ, द्रोण किंवा स्टीलची प्लेट वापरावी, दिसायलाही त्या सुंदर असतात.

शब्दांनाही कायदा आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम लागू होतात. ‘पारंपरिक’, ‘अस्सल’, ‘ताजं’, ‘नैसर्गिक’ हे शब्द हवे तसे वापरता येत नाहीत. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि मुळात न बदललेली असावी लागते. रतलामी शेवेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून प्लेटमधल्या कुठल्याही शेवेला ते नाव देण्याआधी विचारून घ्यावं. किंमत सांगितली की निव्वळ वजनही सांगावं लागतं. पडद्यावरची टीप दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत, आणि वाचून होईल इतका वेळ ठेवायची. हे पाहणारी एएससीआय ही उद्योगाची स्वतःची संस्था १९८५ पासून काम करते. त्यापलीकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

एडिटमध्ये पहिली जुळणी नेहमी २६-२७ सेकंदांची निघते. कापताना राजवाडा आधी काढावा, विक्रेत्याचा हात शेवटपर्यंत सांभाळावा. आवाजासाठी गाडीवरच वेगळं रेकॉर्डिंग केलेलं हवं: झाऱ्याची खरखर, जिलबीच्या कढईतलं तेल, आणि मिनिटभर नुसता चौकाचा आवाज, जो संवादांच्या मागे सांधा म्हणून पसरता येतो. विक्रेत्याच्या तोंडचं इंदुरी हिंदी मराठी आवृत्तीतही तसंच राहू द्यावं. ते महाराष्ट्रात सगळ्यांना कळतं. त्याला पुणेरी आवाजात डब केलं तर प, ब, म या अक्षरांना ओठ मिटलेले दिसत नाहीत, आणि माणूसच बदलल्यासारखा वाटतो.

हल्ली एकाच शूटमधून २० सेकंदांची टीव्हीची, १० ची, ६ ची आणि मोबाइलसाठी उभी अशा आवृत्त्या निघतात. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून उभी चौकट कापली तर रुंदीला जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात. रुंदी-उंचीला याच्या दुप्पट असलेल्या फोरकेमध्ये शूट केलं असेल तर १२१५ मिळतात आणि भागतं. मात्र प्लेट, हात आणि पाकीट फ्रेमच्या मधल्या एक-तृतीयांश भागात ठेवायचं हे शूटच्याच दिवशी ठरवावं लागतं. सहा सेकंदांच्या आवृत्तीत फक्त चिमूट, पोहे आणि पाकीट बसतं.

शेवटचं काम कागदांचं. पडद्यावर ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची सही, विक्रेत्याच्या करारात पैसे किती, कोणत्या माध्यमात आणि किती काळासाठी, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. नट, निवेदक आणि संगीताचे हक्क बरेचदा एका वर्षाचे असतात. मुदत संपली की एकतर पुन्हा पैसे भरून करार वाढवायचा, नाहीतर यूट्यूबसह सगळीकडून जाहिरात उतरवायची. ती तारीख क्लायंटच्या कॅलेंडरवर डिलिव्हरीच्या दिवशीच टाकून द्यावी.